कल्ल्यांवरून लागलेले कूळ

खोल समुद्रातल्या कोळंबीचा लालभडक रंग तिचे कूळ सांगत नाही. उन्हातला लाल प्रकाश पाण्याच्या वरच्या थरांतच शोषला जातो, त्यामुळे खाली लाल अंग काळेच भासते आणि शिकाऱ्याच्या नजरेतून सुटते. म्हणून दूरदूरच्या घराण्यांनी हाच रंग पत्करला. ‘अरिस्टिअस’ आणि ‘अकँथेफायरा’ या दोन लाल कोळंब्या शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटतात. प्रत्यक्षात पहिली टायगर कोळंबीच्या गोतातली, तर दुसरी गोड्या पाण्यातल्या लांब नांग्यांच्या कोळंबीच्या. हे ओळखण्याच्या रीतीला, माझ्या मते, संग्रहालयातल्या बाटलीने मोठा हात दिला. स्पिरिटमध्ये रंग उडून जातो, आणि खोलवरून ओढलेल्या जाळ्यात मिशा, पाय, डोक्यावरचा करवती काटा बहुधा आधीच मोडलेला असतो. कवचाखाली झाकलेले कल्ले मात्र शाबूत राहतात.

जीवशास्त्रज्ञ हक्स्ली यांनी 1878 साली गोड्या पाण्यातल्या क्रेफिशची मांडणी करताना कल्ल्यांवर भर दिला होता. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या 1872 ते 1876 च्या सफरीतले कोळंबीवर्गीय नमुने चार्ल्स स्पेन्स बेट यांच्याकडे आले. हे प्लिमथचे दंतवैद्य, पण कवचधारी प्राण्यांचे पक्के जाणकार. काही कोळंब्यांचे कल्ले पानांच्या चळतीसारखे असतात, काहींचे धाग्यांच्या झुबक्यासारखे; काहींच्या कल्ल्यांना मात्र मधल्या दांड्यावरून फांद्या आणि फांद्यांना पुन्हा फाटे फुटतात. या तिसऱ्या गटाला बेट यांनी 1888 च्या अहवालात ‘डेंड्रोब्रँकिआटा’ म्हटले. ग्रीकमध्ये ‘डेंड्रॉन’ म्हणजे झाड, ‘ब्रँकिआ’ म्हणजे कल्ले. पण त्याआधीच, 1880 साली, प्राणिशास्त्रज्ञ बोआस यांनी कोळंबी, क्रेफिश अशा दहा पायांच्या कवचधाऱ्यांचे पोहणारे आणि चालणारे असे दोन गट पाडले होते. ती सोपी विभागणी पुढे कितीतरी दशके चालली. 1963 साली प्राणिशास्त्रज्ञ मार्टिन बर्कनरोड यांनी बेट यांचे नाव उपगणाच्या पातळीवर नेले आणि उरलेल्या साऱ्यांना ‘प्लिओसायमेटा’ म्हणजे पोटाखालच्या पायांवर अंडी वाहणारे ठरवले. झाडासारख्या कल्ल्यांच्या माद्या पोटाखाली अंडी धरत नाहीत; बहुतेक त्या पाण्यातच सोडतात. श्वासाचा अवयव आणि पिलावळीची रीत यांचा एकमेकांशी संबंध नाही, तरी दोन्ही एकच साक्ष देतात. या मांडणीचे खरे बळ मला यातच दिसते.

कोणी म्हणेल, कवच उचकटायचे कशाला, बाहेरच्या खुणा आहेतच की! अकँथेफायराच्या गोतात पोटाच्या दुसऱ्या खंडाची बाजूची पट्टी पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही खंडांवर चढते. टायगरच्या गोतात तसे नसते, आणि तिथे पायांच्या पहिल्या तिन्ही जोड्यांना नांग्या असतात. हे खरे, पण ‘स्टेनोपस’ या कोळंबीपाशी ही कसोटी फसते. त्याच्याही पहिल्या तीन जोड्यांना नांग्या आहेत आणि पट्टीही तशी चढलेली नाही, तरी त्याचे कल्ले धाग्यांचे आहेत आणि मादी अंडी पोटाखालीच वाहते. याहून अवघड आक्षेप ‘ल्युसिफर’चा. हा इवलासा प्राणी झाडकल्ल्यांच्या गटात बसतो आणि त्याला कल्लेच नाहीत! पण एवढ्या बारीक, पातळ देहाला अंगातूनच पुरेसा प्राणवायू मिळतो, म्हणून कल्ले गळले असे मानणे सयुक्तिक आहे. अवयव गळाला म्हणून कूळ बदलत नाही. ल्युसिफरची मादी अंडी काही काळ छातीच्या पायांशी धरते, पोटाखाली नव्हे. आणि अंड्यातून ‘नॉप्लिअस’ नावाची अगदी प्राथमिक अळी बाहेर पडते, जशी टायगर कोळंबीच्या अंड्यातून पडते आणि कोकणात वाळत घातल्या जाणाऱ्या जवळ्याच्याही.