पडलेला शेअर म्हणजे स्वस्त शेअर? शहाड, मोहने आणि अंबरनाथच्या तीन कारखान्यांवरून समजून घ्या ‘कॉन्ट्रेरियन’ गुंतवणूक

सकाळच्या गर्दीत उल्हासनगर किंवा अंबरनाथ स्टेशनवर एक गंमत दिसते. जायचं असतं मुंबईला, पण काही जण चढतात बदलापूरच्या गाडीत. बदलापूरला गाडी रिकामी होते, तीच परत सीएसएमटीकडे फिरते आणि या मंडळींना दीड तासासाठी खिडकी मिळते. त्यासाठी पास बदलापूरपासूनचा काढावा लागतो आणि घरून लवकर निघावं लागतं. मुख्य म्हणजे, गाडी परत फिरणार आहे की कारशेडला जाणार आहे, हे आधी माहीत असावं लागतं.

शेअर बाजारात याच युक्तीला ‘कॉन्ट्रेरियन’ गुंतवणूक म्हणतात. सगळे विकत असताना घ्यायचं आणि सगळे घेत असताना हात आखडता घ्यायचा. ऐकायला सोपं आहे. रीलमध्ये तर फारच सोपं वाटतं: ‘हा शेअर ८० टक्के पडलाय, आता नाही तर कधी?’ पडत्या फळाची आज्ञा समजून लोक खरेदीचं बटण दाबतात.

पण ८० टक्के पडलेल्या शेअरचं पुढे काय होतं? त्यासाठी आपल्याच भागातल्या तीन कारखान्यांकडे पाहू.

एकच माल, शेजारची स्टेशनं

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालात की पहिलं स्टेशन शहाड आणि दुसरं आंबिवली. शहाडला उल्हासनगरच्या हद्दीत सेंच्युरी रेयॉन आहे. आंबिवलीजवळ मोहन्याला नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे एनआरसी होती. दोन्ही कारखाने रेयॉनचं सूत काढत. दोन्हींना पाणी उल्हास नदीचं, कामगारांच्या वसाहती जवळजवळ सारख्या आणि शेअर मुंबईच्या बाजारात.

सेंच्युरी रेयॉन ही सेंच्युरी टेक्स्टाइल्स या बिर्ला कंपनीची एक शाखा होती. १९८६ मध्ये सेन्सेक्स सुरू झाला, तेव्हा पहिल्या ३० कंपन्यांत सेंच्युरी होती. पुढे कापड गिरण्यांचे दिवस फिरले आणि बाजाराचं लक्ष दुसरीकडे गेलं. २००८ च्या पडझडीत हा शेअरही शिखरावरून कोसळला. पण कंपनीकडे रेयॉनशिवाय सिमेंट होतं, कागद होता आणि वरळीला गिरणीची जमीन होती. सिमेंटचा धंदा २०१९ मध्ये अल्ट्राटेकमध्ये गेला, तेव्हा सेंच्युरीच्या ८ शेअरमागे अल्ट्राटेकचा १ शेअर भागधारकांना मिळाला. शहाडचा सुताचा कारखाना २०१८ पासून ग्रासिम चालवते. वरळीच्या जमिनीवर टॉवर उभे राहत आहेत आणि शहाडलाही गृहप्रकल्प आला आहे. २०२४ मध्ये तर कंपनीने नावच बदलून ‘आदित्य बिर्ला रिअल इस्टेट’ करून टाकलं.

एनआरसीची गोष्ट कल्याण-उल्हासनगरमध्ये अनेकांना तोंडपाठ असेल. नोव्हेंबर २००९ मध्ये कारखाना बंद झाला. थकलेल्या देण्यांसाठी कामगार वर्षानुवर्षं भांडत राहिले. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि मालमत्ता शेवटी अदानी समूहाकडे आली.

२००८ च्या शेवटी कोणी फक्त भाव पाहिले असते, तर दोन्ही शेअर ‘खूप पडलेले’ म्हणून एकाच यादीत आले असते. माल एक, मंदी एक. जमीनही दोघांकडे होती. एनआरसीची तर शेकडो एकर होती.

मग फरक कशात होता?

याचं मोठं उत्तर रांगेत आहे, आणि अशा रीलमध्ये या रांगेचा उल्लेख सहसा नसतो.

कंपनी बुडते तेव्हा तिच्या मालमत्तेतून कोणाला आधी पैसे मिळतील, याचा क्रम २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात ठरवून दिलेला आहे. सगळ्यात आधी प्रक्रियेचा खर्च. मग तारण ठेवून कर्ज दिलेल्या बँका आणि कामगारांचे मागच्या २४ महिन्यांचे पैसे, हे दोघं एकाच पायरीवर. त्यानंतर इतर कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी. सामान्य शेअर घेतलेला माणूस या रांगेत अगदी शेवटी उभा असतो. त्याची पाळी येईपर्यंत बहुतेक वेळा काउंटर बंद झालेलं असतं.

म्हणून ‘कंपनीकडे एवढी जमीन आहे, जमिनीचीच किंमत शेअरच्या भावापेक्षा जास्त आहे’ हे वाक्य ऐकलं की एक प्रश्न विचारायचा: त्या जमिनीवर आपल्याआधी कोणाकोणाचा हक्क आहे? सेंच्युरीच्या मागे चालणारे धंदे होते, त्यामुळे जमिनीची किंमत भागधारकापर्यंत पोहोचण्याइतका वेळ मिळाला. जिथे देणी मालमत्तेच्या वर जातात, तिथे जमीन सोन्याची असली तरी भागधारकाच्या हाती काही लागत नाही.

तिसरा कारखाना कर्जतच्या मार्गावरचा, अंबरनाथचा. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ मध्ये स्थापन झाली. गंधकाम्ल आणि खतं बनवणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी ही एक. खताच्या धंद्यात तोटा साचत गेला आणि शेअरला कोणी विचारेना. मग कंपनीने खतं मागे टाकली आणि गंधकावर आधारित विशेष रसायनांकडे मोर्चा वळवला. आता तिचं काम रोहा आणि गुजरातमधल्या दहेजला चालतं. धंदा सुधारला तसा शेअरही काही वर्षांत अनेक पटींनी वर गेला. इथे कॉन्ट्रेरियन माणूस जिंकला, पण तो ‘खूप पडलाय’ म्हणून नव्हे. धंदा बदलतोय हे ज्यांनी वेळेत ओळखलं, ते जिंकले.

अभ्यास काय सांगतो?

वर्नर डी बोंट आणि रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञांनी १९८५ मध्ये अमेरिकी बाजाराचा एक गाजलेला अभ्यास मांडला. आधीच्या तीन वर्षांत सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या शेअरचा एक गट आणि सगळ्यात जास्त वाढलेल्यांचा दुसरा. पुढच्या तीन वर्षांत मार खाल्लेल्या गटाने दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त परतावा दिला. माणसं वाईट बातमीला गरजेपेक्षा जास्त घाबरतात, हा त्यांचा निष्कर्ष. थेलर यांना पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळालं.

पण १९९३ मध्ये जेगदीश आणि टिटमन यांनी दाखवलं की तीन ते बारा महिन्यांच्या काळात चित्र उलटं असतं. पडणारा पडतच राहतो, चढणारा चढत राहतो. म्हणजे गेल्या महिन्यात पडलेला शेअर आज घेऊन पुढच्या महिन्यात नफा काढायचा, ही कॉन्ट्रेरियन गुंतवणूक नाहीच. तो निव्वळ अंदाज झाला.

जॉन टेम्पलटनचा किस्साही अर्धाच सांगितला जातो. १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं, तेव्हा त्यांनी अमेरिकी बाजारातले एका डॉलरपेक्षा स्वस्त शेअर सरसकट घेतले आणि चारेक वर्षांत पैसे सुमारे चौपट केले. उरलेला अर्धा किस्सा असा: त्यांनी एक शेअर घेतला नव्हता, १०४ कंपन्यांचे घेतले होते. त्यातल्या ३४ कंपन्या तेव्हाच दिवाळखोरीत होत्या. काही बुडणार हे धरूनच हिशोब मांडला होता. (पैसे उसने घेतलेले होते हेही खरं, पण त्या भागाचं अनुकरण करू नका.)

विकणारा का विकतोय?

‘उभरत्या बाजारपेठा’ हा शब्दप्रयोग १९८१ मध्ये आला. भारत, ब्राझील, इंडोनेशिया अशा बाजारांना त्याआधी ‘तिसऱ्या जगातले’ म्हणत, आणि त्या नावाने फंड विकणं अवघड होतं. भारताने परदेशी संस्थांना शेअर बाजाराचं दार उघडलं १९९२ मध्ये.

या बाजारांची एक खासियत कॉन्ट्रेरियन माणसाच्या कामाची आहे. अमेरिकेत व्याजदर वाढले किंवा जगात कुठे भीती पसरली की परदेशी संस्था इथला माल विकून पैसे घरी नेतात. तेव्हा विकण्याचं कारण कंपनीत नसतं. चांगला आणि वाईट शेअर एकाच टोपलीत विकला जातो. मार्च २०२० मध्ये या संस्थांनी भारतात सुमारे ६२ हजार कोटी रुपयांचे शेअर विकले. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडून २५,९८१ वर बंद झाला. डिसेंबरअखेर तो ४७,७५१ वर होता.

याच्या शेजारी येस बँक ठेवून पाहा. ऑगस्ट २०१८ मध्ये शेअर ४०० रुपयांच्या आसपास होता. मग तो घसरत गेला आणि लहान गुंतवणूकदारांची संख्या मात्र वाढत गेली. ‘ॲव्हरेज’ करणारे ३०० ला घेत होते, २०० ला घेत होते, १०० ला घेत होते. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, पैसे काढण्यावर ५० हजारांची मर्यादा आली आणि दुसऱ्या दिवशी शेअर ६ रुपयांच्याही खाली जाऊन आला. बँक वाचली, पण ज्यांच्याकडे १०० पेक्षा जास्त शेअर होते त्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. इथे विकण्याचं कारण अमेरिकेत नव्हतं, बँकेच्या बुडीत कर्जांत होतं.

गणितही लक्षात घ्या. ४०० चा शेअर १०० वर आला म्हणजे ७५ टक्के पडला. आता आणखी किती पडणार, असं म्हणून १०० ला घेतला आणि तो २० वर गेला, तर तुमचे ८० टक्के गेले. आधीचं पडणं तुमच्या खात्यात जमा होत नाही.

रसायनांच्या शेअरमध्ये आणखी एक चकवा असतो. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना तो घरबसल्या कळतो. ऑर्डर तुंबलेल्या असतात, ओव्हरटाइम चालू असतो, तेव्हा नफा शिखरावर असतो आणि त्या नफ्याच्या तुलनेत शेअर ‘स्वस्त’ दिसतो. पुढे चीनचा माल येतो, दर पडतात, नफा आटतो आणि तोच शेअर त्याच भावाला एकदम महाग ठरतो. २०२१-२२ ची तेजी आणि त्यानंतरची मंदी ज्यांनी पाळीवर असताना पाहिली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

वाट पाहणं परवडतं कोणाला?

मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती, २०२४ संपताना १८ कोटींच्या वर होती. यातल्या बहुतेकांनी पाहिलेली सगळ्यात मोठी पडझड काही महिन्यांत भरून निघालेली आहे. नेहमी असं होत नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,२०० च्या वर गेला, मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या खाली बंद झाला. २०१० च्या दिवाळीत जुन्या शिखराजवळ येऊन पुन्हा घसरला आणि ते शिखर ओलांडायला २०१३ ची दिवाळी उजाडली. जवळपास सहा वर्षं. हे निर्देशांकाचं झालं. त्या काळात शिखरावरून पडलेले काही शेअर अजूनही वर आलेले नाहीत.

बदलापूरच्या फ्लॅटचा हप्ता सहा वर्षं थांबत नाही. म्हणून या पद्धतीत पैसा कोणता लावला, हे शेअर कोणता घेतला याच्याइतकंच महत्त्वाचं. पुढच्या पाच वर्षांत लागणारा पैसा असेल, तर तुमचा अंदाज बरोबर असूनही तुम्हाला तळाला विकावं लागू शकतं. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तर ‘उलटा’ डाव आणखी अवघड, कारण तिथे एक्स्पायरीची तारीख असते आणि बाजार तुमच्यासाठी थांबत नाही. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर, असं सेबीच्या अभ्यासात दिसलं.

ज्यांना स्वतः शेअर निवडायचे नाहीत, त्यांच्यासाठी म्युच्युअल फंडांत ‘कॉन्ट्रा’ नावाचा प्रकार आहे. सेबीने २०१७ मध्ये त्याची व्याख्या केली आणि किमान ६५ टक्के पैसा शेअरमध्ये हवा असं ठरवलं. एसबीआय, कोटक आणि इन्व्हेस्को यांच्या अशा योजना आहेत. त्यांच्या यादीत मात्र अनेकदा त्याच मोठ्या बँका आणि आयटी कंपन्या दिसतात, ज्या इतर फंडांतही असतात. नावात ‘उलट’ असलं तरी मोठा फंड फार उलट जाऊ शकत नाही.

स्वतः निवडणार असाल, तर भाव पाहण्याआधी बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर कंपनीचं पान उघडा. प्रत्येक तिमाही संपल्यावर २१ दिवसांत कंपनीला भागधारकांचा तक्ता द्यावा लागतो. त्यात प्रवर्तकांचे किती शेअर गहाण आहेत ते लिहिलेलं असतं. ताळेबंदात कर्ज किती, नफ्याइतकी रोकड खरंच हातात येते का, लेखापरीक्षक मधेच राजीनामा देऊन गेलाय का, हेही तिथल्याच कागदांत सापडतं. सगळं वाचायला अर्धा तास लागतो. बदलापूरहून ठाण्याला पोहोचेपर्यंत दोन कंपन्या सहज होतात, बसायला जागा मिळाली तर.