ड्रेस्ड टु किल

ड्रेस्ड टु किल : शेरलॉक होम्स या गुप्तहेराच्या साहसांवरील अमेरिकन चित्रपटमालिकेतील चौदावा व अखेरचा चित्रपट (१९४६). निर्मिती युनिव्हर्सल या चित्रसंस्थेची व दिग्दर्शन रॉय विल्यम नील यांचे. होम्सची भूमिका बॅझिल रॅथबोन (१८९२–१९६७) यांनी, तर डॉ. वॉटसनची नायजेल ब्रूस (१८९५–१९५३) यांनी केली. ब्रिटनमध्ये तो ‘शेरलॉक होम्स अँड द सीक्रेट कोड’ या नावाने दाखविण्यात आला.

मालिकेचा प्रारंभ १९३९ मध्ये ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सच्या दोन चित्रपटांनी झाला. त्यांत व्हिक्टोरियाकालीन वातावरण राखलेले होते. १९४२ पासून युनिव्हर्सलने होम्सला समकालीन, युद्धग्रस्त लंडनमध्ये आणले आणि नाझी हेरांशी झुंजविले. अल्प खर्चाचे, तास-सव्वा तासाचे असे बारा चित्रपट या संस्थेने पाच वर्षांत काढले. त्यांपैकी पहिला सोडून उर्वरित अकरा नील यांनी दिग्दर्शित केले. धुके, सावल्या व अरुंद गल्ल्या यांच्या साहाय्याने त्यांनी साधनांची उणीव कौशल्याने झाकली. मात्र त्यांतील वॉटसन मूळ कथांतील समंजस वैद्याऐवजी भाबडा विदूषक झाला. भालबा केळकर यांच्या अनुवादांमुळे मूळ कथांशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा बदल खटकल्यावाचून राहत नाही.

प्रस्तुत चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे : बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा छापण्याचे ठसे चोरून दडविणारा एक कैदी डार्टमूरच्या तुरुंगात किल्लीवर धून वाजविणाऱ्या तीन पेट्या तयार करतो. त्या लिलावात तिघांना विकल्या जातात. तिन्ही पेट्यांची धून वरवर एकच असली, तरी स्वरांत किंचित फरक असून त्यांत ठशांची जागा सांगणारा सांकेतिक संदेश असतो. तो उलगडला, तरी अखेरचा दुवा सापडतो तो वॉटसनच्या तोंडून सहज निघालेल्या डॉ. सॅम्युएल जॉन्सनच्या नावावरून. ठसे जॉन्सनच्या लंडनमधील स्मारकगृहात असतात. एकसारख्या वस्तूंमागे धावणाऱ्या गुन्हेगारांची ही कल्पना आर्थर कॉनन डॉइल यांच्या सहा नेपोलियन-पुतळ्यांच्या कथेची आठवण देते आणि त्या कथेवर याच मालिकेत ‘द पर्ल ऑफ डेथ’ (१९४४) हा चित्रपट होऊन गेला होता. खलनायिका हिल्डा कोर्टनी (पॅट्रिशिया मॉरिसन) धुराच्या युक्तीने वॉटसनकडून पेटीची जागा काढून घेते. ही युक्ती तिने वॉटसनच्याच छापील कथेवरून उचललेली असते. मालिका आपल्याच भांडवलावर जगू लागल्याचे यावरून दिसते. तथापि, हा प्रसंग चित्रपटातील सर्वांत खुसखुशीत भाग होय.

डॉइल यांनी १८९३ मध्ये होम्सला रायखेनबाखच्या धबधब्यात लोटून मालिका संपविण्याचा प्रयत्न केला होता. वाचकांच्या आग्रहामुळे त्यांना त्याला परत आणावे लागले. चित्रपटमालिकेच्या बाबतीत असा कोणताही अंत योजलेला नव्हता. ‘ड्रेस्ड टु किल’मध्ये निरोपाचे एकही चिन्ह नाही. मालिका थांबली ती रॅथबोन यांच्या नकारामुळे. ही व्यक्तिरेखा आपल्याला गिळून टाकत आहे, अशी त्यांची भावना झाली होती. १९३९ पासून चाललेली आकाशवाणीवरील होम्सची भूमिकाही त्यांनी १९४६ मध्ये सोडली. तेथे ब्रूस यांनी टॉम कॉन्वे यांच्यासह काम चालू ठेवले. त्याच वर्षी नील यांचे निधन झाले आणि इंटरनॅशनल पिक्चर्सशी एकीकरण झाल्यावर युनिव्हर्सलने अल्प खर्चाच्या चित्रपटांचा विभागच गुंडाळला. तेव्हा रॅथबोन राहिले असते, तरी मालिका फार काळ टिकली असती असे वाटत नाही. भारतात सत्यजित राय यांची फेलुदा-चित्रपटांची मालाही अशीच नटाअभावी खंडित झाली. ‘जय बाबा फेलुनाथ’ (१९७९) नंतर, जटायूची भूमिका करणारे संतोष दत्त १९८८ मध्ये निवर्तल्यावर, राय यांनी तो विषय पुन्हा हाती घेतला नाही.

रंगभूमीवर परतलेल्या रॅथबोन यांना ‘द एअरेस’मधील डॉ. स्लोपरच्या भूमिकेसाठी १९४८ मध्ये टोनी पारितोषिक मिळाले. परंतु होम्सपासून त्यांची सुटका झाली नाही. १९५३ मध्ये पत्नी उइडा यांनी लिहिलेल्या नाटकात ते पुन्हा होम्स म्हणून उभे राहिले. प्रयोगारंभाच्या थोडे आधी ब्रूस यांचे निधन झाले होते. न्यूयॉर्कमध्ये ते नाटक तीन प्रयोगांनंतर बंद पडले.