सब्जेक्टच्या दोन ओळी आणि एक टपाली शिक्का

पायथनमधून ईमेल हाताळणाऱ्यांना एक कोडे हमखास भेटते. हाती आलेल्या पत्राचा सब्जेक्ट बदलायचा असतो. पत्र ही पायथनच्या लेखी डिक्शनरीसारखी वस्तू. तेव्हा चौकटी कंसात ‘सब्जेक्ट’, पुढे बरोबरचे चिन्ह आणि त्यापुढे नवा मजकूर, एवढे लिहून कोणीही मोकळा होतो. डिक्शनरीत असे केले की जुने जाते आणि नवे बसते. इथे जुने जातच नाही. पत्राच्या माथ्यावर सब्जेक्टच्या दोन ओळी होतात: जुनी आपल्या जागी, नवी सगळ्या हेडरांच्या तळाशी. बदल झाला का ते पाहायला पुन्हा वाचावे तर हाती येते ती जुनीच, कारण शोध वरून सुरू होतो आणि पहिली ओळ सापडली की थांबतो. अधिकृत माहितीपुस्तिका तर याहून बेफिकीर. एकाच नावाचे अनेक हेडर असतील तर त्यांतला कुठला मिळेल ते अनिश्चित समजावे, असे ती सांगून टाकते.

उपाय सोपा आहे. आधी ‘डेल’ने जुनी ओळ पुसायची (ती नसली तरी तक्रार होत नाही) आणि मग नवी लिहायची. किंवा ‘रिप्लेस हेडर’ वापरायचे. ते ओळीची मूळ जागाही राखते, मात्र ओळच नसेल तर अडून बसते. उपाय पाठ झाला की लोक पुढे जातात. बरोबरच्या चिन्हाने बदल न होता भर का पडावी, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते ईमेलच्या घराण्याचा सगळा गुंता त्या एका प्रश्नात आहे.

प्रचलित उत्तरे दोन. पहिले असे, की हा लायब्ररी लिहिणाऱ्याचा गलथानपणा. हे टिकत नाही. बॅरी वॉर्सॉ यांची ‘ईमेल’ लायब्ररी, जिचे आधीचे नाव माइमलिब, डिसेंबर २००१ मध्ये पायथन २.२ बरोबर आली. त्याआधीपासून पायथनमध्ये ‘आरएफसी८२२’ नावाचे मॉड्यूल होते आणि त्यात हीच क्रिया जुनी ओळ पुसून नवी घालत असे. म्हणजे ‘बदला’ हा नमुना समोर तयार होता. तो बाजूला सारून ‘भर घाला’ निवडले गेले. गलथान माणूस आधीचे उतरवून काढतो, उलटे करत नाही.

दुसरे उत्तर अधिक वजनदार: मूळ नियमच सैल होता. ऑगस्ट १९८२ च्या आरएफसी ८२२ या ईमेल-नियमात डेव्हिड क्रॉकर यांनी बहुतेक हेडर एकाहून जास्त वेळा येऊ शकतात असे म्हटले, त्यांचा अर्थ कसा लावायचा ते सांगितले नाही आणि असे करणे बरे नव्हे, अशी पुस्तीही जोडली. लायब्ररीने तो सैलपणा जसाच्या तसा उचलला, असे या पक्षाचे म्हणणे. पण नियम स्वतःच ज्याला ‘नको’ म्हणतो, ती गोष्ट लायब्ररीने सर्वांत सोप्या वाटेवर का ठेवावी? त्याच नियमात एक हेडर असा आहे की ज्याच्या बाबतीत पुनःपुन्हा येणे ही सवलत नाही, तेच त्याचे काम आहे. त्याचे नाव ‘रिसीव्ह्ड’.

कुठल्याही पत्राचे मूळ रूप उघडून पाहा. प्रवासात ज्या ज्या सर्व्हरने ते हाती घेतले, त्याने आपली एक रिसीव्ह्ड ओळ चढवलेली दिसेल: कोणाकडून आले, कोणी घेतले, किती वाजता. प्रत्येक नवी ओळ आधीच्यांच्या डोक्यावर बसते, म्हणून प्रवास समजून घ्यायचा तर खालून वर वाचावे लागते. जुनी ओळ पुसायची नाही की दुरुस्त करायची नाही. बनावट पत्र ओळखणाऱ्यांचा सगळा धंदा यावर चालतो. पाठवणारा तळाच्या ओळी हव्या तशा रचू शकतो, पण पत्र घेणाऱ्याच्या सर्व्हरने सर्वांत वर मारलेल्या ओळीला हात लावणे त्याच्या आवाक्याबाहेर असते.

माझा सिद्धान्त असा, की ईमेलचा हेडर हे एक घराणे नाही, दोन घराण्यांचे लग्न आहे. सरकारी कार्यालयात आलेला कागद डोळ्यांसमोर आणा. ‘प्रति’, ‘विषय’, ‘संदर्भ’ आणि खाली ‘प्रत माहितीसाठी’ हे लिहिणाऱ्याने एकदाच लिहिलेले. त्यावरचे आवकचे शिक्के मात्र कागद जितकी टेबले फिरेल तितके. विषय दोनदा लिहिला तर तो गोंधळ, शिक्का दोनदा पडला तर तो इतिहास. ईमेलमध्ये दोन्ही गोष्टी ‘नाव, विसर्गचिन्ह, मजकूर’ अशा एकाच साच्यात आणि एकाच ढिगात ठेवल्या गेल्या. प्रोग्रॅमरला तो ढीग डिक्शनरी म्हणून दाखवला की कधीतरी वाद होणारच.

पहिले घराणे जुने, आणि त्याच्या उगमापाशी एक भारतीय नाव आहे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी दोन यंत्रांमध्ये पत्र धाडले आणि ‘ॲट’चे चिन्ह निवडले, हे सर्वश्रुत आहे. पण त्या पत्रांच्या माथ्यावर काय असावे, यावर नियम नव्हता. जो तो आपल्या मनाने लिही. सप्टेंबर १९७३ मध्ये आरएफसी ५६१ आला: नेटवर्कवरच्या पत्रांचे हेडर एकसारखे करण्याचा पहिला प्रस्ताव. लेखक चौघे आणि त्यांत पहिले नाव अभय भूषण. मूळचे अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या अगदी पहिल्या तुकडीतले, तेव्हा एमआयटीत. बरोबर केन पोग्रॅन, टॉमलिन्सन आणि जिम व्हाइट. भूषण यांनी १९७१ च्या एप्रिलमध्येच फाइल पाठवण्याचा एफटीपी नियम लिहिला होता आणि त्या काळी पत्रे एफटीपीच्याच पाठीवर बसून जात.

या प्रस्तावात नावानिशी ओळी कोणत्या? फ्रॉम, डेट, सब्जेक्ट. बाकी काय हवे ते ‘इतर’ या सदरात. ‘टू’ सुद्धा त्यात नाही! पत्र कोणाकडे जायचे ते एफटीपीच्या आज्ञेत सांगितलेले असायचे, त्यामुळे कागदावर त्याची गरज वाटली नसावी. पुढे नोव्हेंबर १९७७ च्या आरएफसी ७३३ मध्ये अमेरिकन ऑफिसातला मेमो जवळजवळ पूर्ण उतरला. कार्बन पेपरही आला, ‘सीसी’ या अक्षरांतून. रॅल्फ वेजवुडने १८०६ मध्ये ज्याचे पेटंट घेतले त्या काळ्या कागदाची नक्कल-प्रत आजही रोज पाठवली जाते.

दुसरे घराणे, शिक्क्यांचे, नियमाने पक्के झाले ते १९८२ मध्ये. त्याच ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांचा आरएफसी ८२१ म्हणजे एसएमटीपी आला. पत्र आता एका यंत्रावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर जाणार, अधूनमधून चकरांत अडकणार, तेव्हा वाटेतल्या प्रत्येकाने वेळेचा शिक्का मारलाच पाहिजे. तो मारायला जागा कुठली? मेमोच्याच माथ्यावर. वेगळे पाकीट करून शिक्के त्यावर ठेवता आले असते. ते झाले नाही, आणि तिथेच पायथनच्या त्या चिन्हाची पत्रिका लिहिली गेली असे मी मानतो.

पुरावा फक्त पायथनचा नाही. जावा भाषेतली ईमेल लायब्ररी जावामेल पाहा. तिच्यात ‘सेट’ आणि ‘ॲड’ अशा दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि हेडर वाचला तर एक ओळ न मिळता ओळींची रांग मिळते. आणखी आत गेले तर ॲड करणाऱ्या कोडमध्ये एक खास अपवाद आहे: नाव रिसीव्ह्ड किंवा रिटर्न-पाथ असेल तर ओळ शेवटी न लावता वर चढवा. कोड लिहिणाऱ्याला दोन्ही घराणी ठाऊक होती. डीकेआयएम ही सहीची पद्धत २००७ मध्ये प्रमाण झाली, तिथेही तेच. एका नावाच्या अनेक ओळी असतील तर सही खालच्यापासून मोजायची, कारण वरच्या नंतर पडलेल्या असू शकतात. यातून एक चलाख युक्ती निघाली. पत्रात ‘फ्रॉम’ एकच असला तरी सहीच्या यादीत तो दोनदा लिहायचा. मग वाटेत कोणी दुसरा फ्रॉम घुसवला की सही मोडते.

मला सर्वांत गोड पुरावा मात्र देवनागरीच्या निमित्ताने सापडला. हेडर मूळचा अमेरिकन टाइपरायटरच्या अक्षरांचा. १९९२ मध्ये कीथ मूर यांनी त्यात इतर लिप्या दडवून नेण्याची तऱ्हा काढली. मराठी सब्जेक्ट मूळ रूपात पाहिला तर गिचमिड दिसते, पण तिच्यात ताल आहे. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी काना आणि हलन्तसुद्धा, तीन बाइटांचे. बेस६४ तीन बाइटांची चार अक्षरे करते. त्यामुळे पहिली मोकळी जागा येईपर्यंत दर चिन्हाची सुरुवात ‘४-के-एस’ किंवा ‘४-के-डब्ल्यू’ने होते आणि फक्त चौथे अक्षर बदलते. ‘न’ म्हणजे ४-के-एस-ओ. एका दडवलेल्या तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा, त्यात लिपीचे नाव आणि खुणा धरून, म्हणजे देवनागरीची फार तर १५ चिन्हे. पुढचा मजकूर पुढच्या तुकड्यात. चिन्ह मधोमध तोडू नये असाही नियम आहे. तो न पाळणारे प्रोग्रॅम सब्जेक्टच्या मध्येच काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह उमटवतात.

आता मुद्द्याची गोष्ट. ही सोय कुठे वापरता येते? सब्जेक्टमध्ये, माणसाच्या नावात, टिपणीत. पत्त्यात नाही. आणि १९९६ च्या सुधारित नियमात एका हेडरचे नाव घेऊन मनाई आहे: रिसीव्ह्डमध्ये ती मुळीच वापरू नये. माणसांनी वाचायचे घराणे सजवा, शिक्क्याला रंग लावू नका. दोन घराण्यांची सीमारेषा यापेक्षा स्पष्ट कोण आखून देणार?

माझ्या सिद्धान्ताला एक भोक आहे, ते लपवत नाही. एप्रिल २००१ मध्ये पीट रेस्निक यांनी आरएफसी २८२२ लिहिताना कोणता हेडर किती वेळा येऊ शकतो याचा तक्ताच दिला. फ्रॉम, टू, सीसी, सब्जेक्ट यांना कमाल एक, शिक्क्यांना मर्यादा नाही. इथवर माझी बाजू. पण ‘कॉमेंट्स’ आणि ‘कीवर्ड्स’ यांनाही मर्यादा नाही, आणि ते तर सरळ सरळ मेमोच्या घरातले. मी याचा निकाल असा लावतो, की ही दोन नावे प्रत्यक्षात इतकी कमी वापरली जातात की त्यांना वेसण घालायची तसदी कोणी घेतली नसावी. विरोधकांना हे पटणार नाही. ‘रिसेंट’ने सुरू होणाऱ्या ओळी मात्र माझ्याच पदरात पडतात. त्या दिसतात मेमोसारख्या, पण पत्र पुन्हा पाठवताना दर वेळी त्यांचा नवा संच वर चढतो, म्हणजे वागतात शिक्क्यासारख्या.

पायथनने शेवटी हा घटस्फोट नोंदवला. आर. डेव्हिड मरे यांनी लिहिलेली नवी ‘पॉलिसी’ पद्धत ३.३ मध्ये आली आणि २०१६ अखेरच्या ३.६ मध्ये पक्की झाली. तिच्यात प्रत्येक हेडरला स्वतःचा वर्ग आहे. सब्जेक्ट, डेट, टू यांच्या वर्गांच्या नावातच ‘युनिक’ हा शब्द आहे, रिसेंट-डेटच्या नावात तो नाही. रिसीव्ह्डला खास वर्गच दिलेला नाही, त्यामुळे त्याला कसलेच बंधन नाही. आता दुसरा सब्जेक्ट लिहायला गेले तर व्हॅल्यूएरर येतो आणि सांगतो, की पत्रात सब्जेक्ट जास्तीत जास्त एक असू शकतो. मराठी सब्जेक्टही गिचमिड न राहता थेट देवनागरीत वाचायला मिळतो.

मात्र ही पॉलिसी आपण होऊन लागू होत नाही. पत्र वाचताना ‘पॉलिसी बरोबर डिफॉल्ट’ असे मुद्दाम सांगावे लागते, नाहीतर ‘कॉम्पॅट३२’ ही जुनी पद्धत चालते. पुढे कधीतरी नवी पद्धत आपोआप लागू होईल, असे माहितीपुस्तिकेत लिहिले आहे.