अर्जातील 'मी' : पनवेल परिसराच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

नोकरीचा अर्ज हा मराठी गद्याचा सर्वाधिक लिहिला गेलेला आणि सर्वात कमी वाचला गेलेला प्रकार आहे. बखर, कैफियत, पत्र, रोजनिशी या लेखनप्रकारांना वाङ्मयेतिहासात कमीअधिक स्थान मिळाले. अर्ज मात्र शालेय व्याकरणाच्या पुस्तकातील शेवटच्या प्रकरणात राहिला. वस्तुतः 'मी कसा आहे' हे परक्या, सत्ताधारी वाचकाला लेखी सांगण्याची सक्ती ज्या प्रकारात होते, तो आत्मपर लेखनाच्या कोणत्याही विचारातून वगळता येणार नाही. फिलिप लज्यून यांनी १९७५ मध्ये 'आत्मचरित्रात्मक करार' ही कल्पना मांडली. लेखक, निवेदक आणि नायक एकच आहेत, अशी हमी आत्मचरित्रकार वाचकाला देतो, हे तिचे सूत्र. अर्जातही हे तिघे एकच असतात; परंतु येथे वाचकाला ती हमी पुरत नाही. त्याला दाखला हवा असतो. हमी आणि दाखला यांतील या अंतरातच अर्जाचा इतिहास सामावलेला आहे.

मराठी परंपरेने स्वगुणवर्णनाकडे पूर्वीपासून संशयाने पाहिले आहे. 'दासबोधा'तील मूर्खलक्षणांत स्वतःची स्तुती करणाऱ्याची गणना आहे, आणि लगोलग वाडवडिलांची कीर्ती सांगणाऱ्याचीही. म्हणजे स्वतःचा गुण सांगायचा नाही आणि कुळाचाही सांगायचा नाही, असा हा दुहेरी निर्बंध होय. व्यवहारात त्याचा पहिला अर्धा भाग पाळला गेला, दुसरा मात्र नाही. वतनाच्या वादात सादर होणारा 'करीना' पाहिला, तर सेवेचा दावा करणारी व्यक्ती स्वतःविषयी जवळजवळ काहीच बोलत नाही. अमुक पूर्वजाने अमुक प्रसंगी चाकरी केली, अमुक कामी आला, सबब वतन आमचे, अशी त्याची मांडणी असते. 'जेधे करीना' हे त्याचे सुपरिचित उदाहरण. येथे गुण व्यक्तीचा नसून घराण्याचा असतो. तो वर्णनाने नव्हे, तर घटनांच्या क्रमाने सिद्ध होतो, आणि विशेषणांना या गद्यात फारसे कामच उरत नाही.

'दासबोधा'तच लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे. तेथे गुणाची दुसरी कल्पना दिसते : अक्षर वाटोळे, सुटे, आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखे असावे. बाळाजी आवजी चिटणीस यांच्याविषयी परंपरेने सांगितली जाणारी आख्यायिका याच कल्पनेवर उभी आहे. त्यांनी पाठविलेल्या पत्रातील अक्षर पाहूनच शिवाजी महाराजांनी त्यांना सेवेत घेतले, असे ती सांगते. आख्यायिकेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, तिच्यातील विचार महत्त्वाचा आहे. येथे अर्जाचा मजकूर गौण आणि अर्जाचे अक्षर प्रमुख ठरते. अर्ज गुणाचे वर्णन करीत नाही. तो स्वतःच गुणाचा नमुना असतो.

एकोणिसाव्या शतकातील कचेरीने ही कल्पना उचलली आणि तिला 'उमेदवारी'ची जोड दिली. उमेदवार म्हणजे उमेद धरणारा. पगाराविना कचेरीत बसावे, नकला कराव्यात, वरिष्ठांच्या नजरेत भरावे आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहावी, ही त्या काळातील रीत होती. आज 'उमेदवार' हा शब्द निवडणुकीपुरता आणि मुलाखतीपुरता उरला असला, तरी त्याच्या पोटात प्रतीक्षेचा हा अर्थ आहे. उमेदवाराला स्वतःचे वर्णन करावे लागत नसे, कारण तो डोळ्यांसमोर असे. परंतु डोळ्यांसमोर बसण्याचा अधिकार कोणाला होता? महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) आणि 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथांत सरकारी खात्यांतील भट-कामगारांच्या वर्चस्वावर जो प्रहार केला, त्याचा संबंध येथे पोहोचतो. सुवाच्य अक्षर हा व्यक्तिगत गुण मानला गेला. ते अक्षर गिरविण्याची संधी मात्र व्यक्तिगत नव्हती. गुण म्हणून जे दिसते ते पुष्कळदा संचित असते, हे मराठीत प्रथम स्पष्टपणे सांगितले गेले ते या लेखनात.

पनवेलपासून जवळच असलेल्या शिरढोण येथे १८४५ मध्ये जन्मलेले वासुदेव बळवंत फडके या कारकुनी जगातूनच आले. पनवेल तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. तो १८८३ मध्ये कुलाब्यात गेला. रेल्वेतील नोकरी आणि त्यानंतर पुण्यात लष्करी हिशेबखात्यातील कारकुनी हा त्यांचा क्रम त्या पिढीतील शिक्षित तरुणाला साजेसाच होता. आई मरणासन्न असता रजा वेळेवर मिळाली नाही, हा त्यांच्या चरित्रांतून सांगितला जाणारा प्रसंगही मुळात एका अर्जाचाच प्रसंग आहे. १८७९ मध्ये फरारी असताना त्यांनी आत्मवृत्त आणि रोजनिशी लिहिली. ती सरकारच्या हाती लागली आणि खटल्यात पुरावा म्हणून वापरली गेली. त्यांना एडनला पाठविण्यात आले आणि १८८३ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला.

लेखनप्रकाराच्या दृष्टीने या संहितेचे महत्त्व वेगळे आहे. सरकारी चाकराच्या हाताने सरकारला उद्देशून आजवर विनंतीच लिहिली जात होती. त्याच हाताने येथे विनंती न करणारा 'मी' लिहिला. हा 'मी' गुण सांगत नाही, कारणे सांगतो. आणि नियतीचा विरोधाभास असा, की त्याचा पहिला वाचक सरकारच ठरले. ज्या सत्तेने अर्ज वाचायचा, तिनेच आत्मवृत्त वाचले. फरक एवढाच, की अर्जातील विधानांना दाखला जोडावा लागे, येथे मात्र विधान हाच लेखकाविरुद्ध दाखला ठरला.

विसाव्या शतकात शिफारसपत्र, प्रमाणपत्र आणि अखेर 'बायोडाटा' असे टप्पे येतात. बायोडाटा हा शब्द मराठी घरांत नोकरी आणि लग्न या दोन्हींसाठी वापरला जातो, ही केवळ गंमत नव्हे. 'मनमिळाऊ', 'कष्टाळू', 'निर्व्यसनी', 'जबाबदारीची जाणीव असलेला' ही विशेषणे दोन्हीकडे निर्वेध फिरतात. करीन्यातून हद्दपार असलेले विशेषण येथे मध्यवर्ती होते आणि घटना मागे पडते. मराठी कथनात्म साहित्याने या बदलाची नोंद घेतलेली दिसते. भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार' (१९७५) ते 'झूल' (१९७९) या कादंबऱ्यांतील चांगदेव पाटील गावोगावच्या महाविद्यालयांतून नोकऱ्या करीत फिरतो. आपण कोण आणि आपली नोकरी कोणती, या दोन प्रश्नांमधील फट हेच त्या कादंबऱ्यांचे एक आशयसूत्र आहे. दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आणि दया पवार असे एकाच व्यक्तीचे दोन 'मी' समोरासमोर येतात. अर्जाला एकच नाव चालते. आत्मकथनाला ते पुरत नाही.

पनवेल परिसरात या इतिहासाला अनपेक्षित वळण मिळाले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये पाच शेतकऱ्यांना गोळीबारात प्राण गमवावे लागले. या गावांतील आगरी आणि कोळी माणसांजवळ गुण नव्हते असे नाही. खारबंदिस्तीचा बांध घालणे, भरतीचे पाणी उघाडीतून राखणे, मिठागर पिकविणे ही पिढ्यांची कौशल्ये होती. मात्र अर्जातील 'अनुभव' या रकान्यात त्यांना जागा नव्हती. त्यांच्यासाठी शासनाने वेगळी कागदपत्रे निर्माण केली : प्रकल्पग्रस्त दाखला आणि त्याच्या आधारे शासकीय नोकरीत प्राधान्य.

या दाखल्याचे वाचन केल्यास लक्षात येते, की तो करीन्याचाच वंशज आहे. गाव कोणते, जमीन कोणाच्या नावे होती, किती गेली, अर्जदार त्याचा कोण, एवढेच तो सांगतो. व्यक्तीच्या स्वभावाविषयी त्यात अवाक्षर नसते. मात्र करीना मिळविलेल्याची कथा सांगतो, दाखला गमावलेल्याची. पूर्वजाने काय केले यावर एक उभा आहे, पूर्वजाकडून काय घेतले गेले यावर दुसरा. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या परिसरातील तरुण खासगी कंपनीत अर्ज करतो, तेव्हा या दोन भाषा त्याच्यासमोर एकाच वेळी उभ्या राहतात. एकीत त्याने 'आपली बलस्थाने' सांगायची; दुसरीत आपल्या घराचे हरपलेले सांगायचे. पहिल्या भाषेत इतिहास नाही, दुसऱ्या भाषेत व्यक्ती नाही.

स्वगुणवर्णन हा स्वभावाचा नैसर्गिक उद्गार नसून भरतीच्या पद्धतीने घडविलेला वाङ्मयीन संकेत आहे, हे या क्रमावरून म्हणता येते. जेथे काम डोळ्यांसमोर होते तेथे वर्णनाची गरज नव्हती. काम आणि काम देणारा यांत अंतर वाढले, तसे ते अंतर भरून काढण्याचे ओझे अर्जदाराच्या भाषेवर पडले. ज्यांच्याकडे ती भाषा वारशाने आली त्यांचे वर्णन हे 'व्यक्तिमत्त्व' ठरले. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांचे मौन हे 'न्यूनत्व' ठरले. उपयोजित लेखन म्हणून अर्जाचा नमुना विद्यार्थ्यांना शिकविला जातो तेव्हा मायना, विषय आणि समारोप यांचा विचार होतो. त्या नमुन्यातील 'मी' कोणाच्या जीवनावरून बेतला आहे, हा प्रश्नही त्याच वर्गात विचारला जाणे आवश्यक आहे. तो विचारला गेला, तर अर्ज हा व्याकरणाच्या पुस्तकातून वाङ्मयेतिहासात येईल. आणि बांध घालणाऱ्या हाताचा गुण कोणत्या रकान्यात लिहावा, हा पनवेलच्या खाजणातून उद्भवलेला प्रश्न समीक्षेचाही प्रश्न ठरेल.