बाल-आपत्कालीन वैद्यक : अर्हता व पडताळणी

अर्भके, मुले व किशोर यांना अकस्मात उद्‌भवणारे गंभीर आजार, दुखापती व विषबाधा यांवरील तातडीच्या उपचारांचा विचार करणारी वैद्यकाची उपशाखा. तिचा स्वतंत्र विकास मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. तातडीच्या प्रसंगी पालकांना डॉक्टर निवडण्यास वा त्याची अर्हता पाहण्यास अवसर नसतो. त्यामुळे ही पडताळणी आधीच कोणी करावी, हा प्रश्न या उपशाखेच्या इतिहासाशी निगडित आहे.

वैद्यक व्यवसायाचा परवाना देण्याचा तेथील घटक राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये वैध ठरविला. तथापि परवाना सर्वसाधारण व्यवसायाचा असतो. विशिष्ट शाखेतील प्रावीण्य त्यावरून सिद्ध होत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी विसाव्या शतकात शाखावार परीक्षा मंडळे निघाली. बालरोगविज्ञानाचे मंडळ १९३३ मध्ये स्थापन झाले. आपत्कालीन कक्षात मात्र दीर्घकाळ निरनिराळ्या शाखांचे डॉक्टर आळीपाळीने काम पाहत.

या व्यवस्थेतील धोका इलिनॉय राज्यातील एका खटल्याने उघड झाला. १९६० मध्ये फुटबॉल खेळताना पाय मोडलेल्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यावर आपत्कालीन कामावरील डॉक्टरने उपचार केले. प्लास्टरखाली रक्ताभिसरण खुंटून अखेर पाय गुडघ्याखाली कापावा लागला. १९६५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयासही जबाबदार धरले. डॉक्टर नेमला की रुग्णालयाचे कर्तव्य संपत नाही, हे तत्त्व त्यामुळे रूढ झाले.

आपत्कालीन वैद्यकाचे पदव्युत्तर प्रशिक्षण १९७० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात सुरू झाले व १९७९ मध्ये त्यास स्वतंत्र शाखेची मान्यता मिळाली. मुलांचे श्वसनमार्ग अरुंद असतात, औषधमात्रा वजनावर ठरतात आणि रक्तदाब घसरण्यापूर्वीच अवस्था गंभीर झालेली असते. यासाठी वेगळे प्रशिक्षण आवश्यक मानले गेले. बालरोगविज्ञान व आपत्कालीन वैद्यक या दोन्ही मंडळांच्या सहकार्याने उपशाखेची पहिली प्रमाणन परीक्षा १९९२ मध्ये झाली. बालरोगविज्ञानातील तीन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर या उपशाखेत आणखी तीन वर्षे शिक्षण घ्यावे लागते. आपत्कालीन वैद्यकाकडूनही तीत प्रवेश करता येतो.

परवाना व त्यावरील शिस्तभंगाची कारवाई यांची माहिती राज्य मंडळाकडे, तर प्रमाणपत्राची माहिती परीक्षा मंडळाकडे नागरिकांस मिळते. दाव्यांपोटी दिलेली भरपाई व प्रतिकूल कारवाया नोंदविणारे राष्ट्रीय माहितीकेंद्र १९८६ च्या कायद्यान्वये १९९० मध्ये सुरू झाले. त्यातील व्यक्तिगत नोंदी जनतेस खुल्या नाहीत. परंतु नेमणुकीच्या वेळी व त्यानंतर दर दोन वर्षांनी तेथे चौकशी करणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे.

बहुसंख्य मुले आजही सर्वसाधारण रुग्णालयांच्या आपत्कालीन कक्षांतच आणली जातात व तेथे या उपशाखेचा तज्ञ असतोच असे नाही. म्हणून जवळच्या रुग्णालयात अशी सोय आहे किंवा नाही, याची चौकशी पालकांनी प्रसंग ओढवण्यापूर्वीच करणे हितावह ठरते.