नारळ, पावती आणि ऑटोपे : व्यायामाच्या वर्गणीचा इतिहास



निर्मळला व्याख्यान म्हटलं की श्रोत्यांची एक ठरलेली अपेक्षा असते. शंकराचार्यांची समाधी, तळं, कार्तिक वद्य एकादशीची जत्रा, १७३९ ची वसईची मोहीम. यातलं काही आज होणार नाही, किंवा जाता जाता होईल. आज आम्ही एका पावतीवर बोलणार आहोत. ही पावती आमच्या भाच्याची. जिमची. खाली बारीक अक्षरांत छापलंय, ‘एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’

त्याची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात ती घडलेली असणार. नालासोपारा स्टेशनच्या बाजूला एक जिम निघाली. वर्षाचे चौदा हजार चारशे, पण एकदम भरायला नकोत, बाराशेचे बारा हप्ते. आधार, पॅन, मोबाइलवर ओटीपी, पाच मिनिटांत काम झालं. चार महिन्यांनी शटर खाली आलं आणि फोन बंद. पाचव्या महिन्यात खात्यातून बाराशे रुपये नेहमीसारखेच गेले. कारण ते बाराशे जिमला जातच नव्हते, एका कर्ज देणाऱ्या कंपनीला जात होते. त्या दिवशी पाच मिनिटांत त्याने जे केलं होतं ते जिमचं सभासदत्व नव्हतं, कर्ज होतं. आठ हप्ते, नऊ हजार सहाशे रुपये, बंद शटरसाठी.

आम्ही इतिहासाची माणसं. आम्हाला पहिला प्रश्न पडला तो असा की व्यायाम करायला जाणारा माणूस कर्जदार कधीपासून झाला? आणि त्या पावतीवर ‘मेंबर’ हा शब्द आला कुठून?

सुरुवात तालमीपासून करू. तालमीत पावती नव्हती. प्रवेशाचा विधी होता : मारुतीला नारळ, वस्तादांना हार, जमलं तर पागोटं. गुरुपौर्णिमेला ऐपतीप्रमाणे दक्षिणा. बाकी देणं अंगमेहनतीचं. हौदातली माती खणायची, चाळायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालायचं, पाणी भरायचं, थोरल्या पैलवानांचं अंग रगडायचं. मग पैसा येई कुठून? आश्रयदात्याकडून. बाळंभटदादा देवधरांचं नाव मल्लखांबाच्या इतिहासात पहिलं घेतात. ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते. निजामाकडच्या पैलवानांचं आव्हान त्यांनी स्वीकारलं ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. पदरी असणं म्हणजे वर्षासन असणं. गंमत बघा, वर्षासन हा शब्द. तेव्हा वर्षाचा पैसा धन्याकडून पैलवानाकडे यायचा. आता वर्षाचा पैसा पैलवानाकडून, म्हणजे आपल्या भाच्याकडून, धन्याकडे जातो. वसई मराठ्यांकडे आल्यावर या भागातल्या देवस्थानांची घडी पुन्हा बसली तीही अशाच नेमणुकांवर. हिशेबाची रीत एकच होती.

या व्यवस्थेचं शेवटचं मोठं रूप कोल्हापूरला दिसतं. राजर्षी शाहूंनी पैलवानांना खुराक दिला, तालमींना आधार दिला, आणि खासबागचं कुस्तीचं मैदान १९१२ साली उभं राहिलं. दूध, तूप, बदाम दरबारच्या खर्चाने. आजच्या भाषेत बोलायचं तर तिथे ‘कस्टमर’ राजा होता, आणि तो खरोखरच राजा होता.

पण तालमीचं फार गोड चित्र काढू नका. बायकांना तिथे जागा नव्हती. जातीची दारं होती, काही ठिकाणी उघडी, पुष्कळ ठिकाणी बंद. वस्तादांची मर्जी फिरली तर तक्रार कुणाकडे? दक्षिणा परत मागण्याचा तर प्रश्नच नव्हता. नियम लिहिलेला नव्हता म्हणून तो न्याय्य होता असं नाही. आमचं म्हणणं एवढंच की तालमीला गैरहजर माणूस परवडत नसे. चार दिवस पोरगा दिसला नाही की वस्ताद घरी निरोप धाडायचे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुसरा टप्पा व्यायामशाळेचा. इथे ‘सभासद’ हा शब्द येतो, आणि आम्हाला विचाराल तर आजच्या विषयाचा गाभा हाच आहे. संस्थानिकांचा आश्रय आटत चालला होता, राष्ट्रीय चळवळीला बळकट तरुण हवे होते, आणि मध्यमवर्गाकडे महिन्याला थोडी वर्गणी देण्याइतका पगार आला होता. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. त्यांचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिकं करून आलं. पुण्यात १९२४ ला कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केलं. बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश मराठीत केला. जोर-बैठकांवर दहा खंड! आज कुणी करणार नाही.

या संस्था चालल्या वर्गणी आणि देणगीवर. पण वर्गणी देणारा तिथे गिऱ्हाईक नव्हता. १८६० चा संस्था नोंदणी कायदा, पुढे १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, यांच्या चौकटीत सभासद म्हणजे घटनेप्रमाणे वार्षिक सभेला बोलावलं जाणारा, ताळेबंद बघणारा, मत देणारा, आणि सभेत उठून ‘मुगदरांवर एवढा खर्च कसा?’ असं विचारून चिटणिसांना भंडावून सोडणारा माणूस. वर्गणी वाढवायची तर ती सभेपुढे यायची. भांडणं व्हायची, फाटाफूट व्हायची, एकाच गल्लीत दोन मंडळं व्हायची. पण पैसे कुठे गेले हे विचारायची जागा होती.

वसईकरांना हे वेगळं शिकवायला नको. इथल्या बँकेचंच उदाहरण घ्या. १९१८ मध्ये पापडीला एक छोटी सहकारी पतसंस्था म्हणून सुरू झालेली बेसिन कॅथलिक बँक. ज्याचा भाग तो सभासद, एका सभासदाला एक मत, मग भाग एक असो की शंभर. केळीच्या आणि फुलांच्या वाडीवाल्याला ‘मेंबर’ या शब्दाचा अर्थ शंभर वर्षांपूर्वी नीट माहीत होता. त्याच्या पणतवाला तो माहीत नाही, कारण मधल्या काळात शब्द तोच राहिला आणि आतला हक्क गेला.

तो कसा गेला? तिसरा टप्पा, धंद्याचा. युजेन सँडो हा जर्मन बलवान माणूस १८९७ मध्ये लंडनला फी घेऊन व्यायाम शिकवणारी संस्था काढतो आणि १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन जातो. आपल्याकडे १९३२ मध्ये विष्णुपंत तळवलकरांनी मुंबईत व्यायामशाळा सुरू केली. त्याच नावाची कंपनी २०१० मध्ये शेअर बाजारात गेली आणि २०१९ मध्ये रोख्यांच्या देण्यांत अडकली. तळवलकर घराण्याने शरीरसौष्ठवासाठी केलेलं काम मोठं आहे, ते कुणी नाकारू नये. पण सत्याऐंशी वर्षांत वर्गणीदार, ग्राहक, भागधारक, कर्जरोखेधारक अशी माणसांची रांग किती लांब झाली ते पाहा.

या टप्प्यातली खरी युक्ती सापडली अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धानंतर व्हिक टॅनी नावाच्या गृहस्थाने गालिचे, आरसे, क्रोमची चकचकीत यंत्रं अशी जिमची साखळी उभी केली. जोरदार विक्री, लांब मुदतीचे करार, हप्ते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ही साखळी कोसळली. शाखेला कुलूप आणि हातात करार. भाच्याला आम्ही हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘मामा, म्हणजे मी साठ वर्षं उशिरा फसलो.’ कॅलिफोर्निया राज्याने १९६१ मध्येच अशा करारांसाठी वेगळा कायदा केला. आज तिथे करार केल्यावर काही दिवसांच्या आत कारण न देता तो मोडता येतो. आपल्याकडे जिमसाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही.

आणि मग २००६ चं ते प्रसिद्ध संशोधन. डेला विन्या आणि माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन क्लबांच्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांची हजेरी तपासली. महिन्याला सत्तर डॉलरच्या वर भरणारे लोक सरासरी ४.३ वेळा जात होते. म्हणजे एका खेपेला सतरा डॉलर. त्याच क्लबात दहा खेपांचा पास शंभर डॉलरला, म्हणजे खेपेला दहा, मिळत होता. शंभरातल्या ऐंशी मासिक सभासदांना पासच स्वस्त पडला असता. आता वस्तादांचा निरोप आठवा. तालमीत न येणारा पोरगा ही काळजी होती. जिममध्ये न येणारा मेंबर हे सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक. जागा दोनशे माणसांची आणि मेंबर हजार, हे गणित गैरहजेरीवरच उभं असतं. म्हणून एक जानेवारीच्या आसपास ‘वार्षिक ऑफर’ येते, आणि म्हणूनच एका महिन्याचा दर असा ठेवतात की माणसाला वर्षाचाच घ्यावासा वाटावा.

२०२० ने हे गणित उघडं पाडलं. मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या जिम बंद झाल्या त्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या. सात महिने. कुणी मुदत वाढवून दिली, कुणी ‘सिस्टिममध्ये होत नाही’ म्हणालं, कुणी उघडलंच नाही. जिमवाल्यांचीही बाजू आहे हो. भाडं, यंत्रांचे हप्ते, ट्रेनरचे पगार थांबले नव्हते. आगाऊ घेतलेली फी आधीच खर्च झालेली होती. पण आगाऊ फी खर्च होते, हीच तर अडचण आहे. जिम दिवाळखोरीत गेली की वर्षाची फी भरलेला मेंबर देणेकऱ्यांच्या रांगेत पार मागे उभा असतो. घर घेणाऱ्यांना २०१८ च्या दुरुस्तीने वित्तीय धनको म्हणून स्थान मिळालं. मेंबरला नाही.

पैसे जाण्याची रीतही बदलत गेली. पावतीपुस्तक होतं तोवर वसूल करणारा घरी येत असे, आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणता येत असे. मग पुढच्या तारखांचे चेक, मग ईसीएस, मग कार्ड, आणि जुलै २०२० पासून यूपीआय ऑटोपे. प्रत्येक पायरीला ‘बघू’ म्हणायची जागा कमी झाली. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना शिस्त लावली : कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना, नाही म्हणायची सोय, आणि ठरावीक रकमेच्या वर दर वेळी वेगळी मंजुरी. ती रक्कम आधी पाच हजार होती, २०२२ मध्ये पंधरा हजार झाली. यूपीआयचा मँडेट तुम्ही तुमच्या ॲपमधून रद्द करू शकता, जिमची परवानगी लागत नाही. आज घरी जाऊन ॲपमधलं ऑटोपे उघडून बघा, कशाकशाला हो म्हणून ठेवलंय ते. मात्र कर्जाचा हप्ता असेल तर नुसता मँडेट रद्द करू नका. हप्ता थकला की क्रेडिट स्कोअर पडतो आणि दंड चढतो. तिथे जिम आणि कर्ज कंपनी दोघांनाही आधी लेखी कळवायला हवं.

आता त्या बारीक अक्षरांकडे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो की सेवा सदोष असताना, बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. एकतर्फी, ग्राहकाचं मोठं नुकसान करणाऱ्या करारालाही त्यात ‘अनुचित करार’ असं नाव आहे. म्हणजे पावतीवर छापलं म्हणून ते कायदा होत नाही. स्वतःच कंटाळून जाणं सोडलं तर गोष्ट वेगळी. तिथे भांडण अवघड आहे आणि खोटी आशा आम्ही देणार नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने ऑनलाइन फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या तेरा प्रकारांत सबस्क्रिप्शन ट्रॅप आहे : घेणं एका बोटावर, सोडणं सात दारांपलीकडे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक. आणि कराचं पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आलाय. तुमच्या बिलात किती लावलाय ते बघा.

मघाशी चहाच्या वेळी एका आजोबांनी विचारलं, मग गावाने आपली व्यायामशाळा काढावी का, वर्गणीची? काढावी की. पण वार्षिक सभेला संध्याकाळी सात वाजता कोण येणार, हे आधी ठरवा. आमच्या अनुभवात व्यायामशाळा कुलूपबंद पडतात त्या पैशाअभावी कमी, चिटणीस व्हायला कुणी तयार नाही म्हणून जास्त.

भाच्याचं म्हणाल, तर त्याने दोन्हीकडे रजिस्टर्ड पोस्टाने पत्रं धाडली. जिमच्या पत्त्यावरचं पत्र ‘जागा बंद’ असा शेरा होऊन परत आलं. तो लिफाफा त्याने न फोडता तसाच फायलीत ठेवलाय, आयोगापुढे लागेल म्हणून. कर्ज कंपनीचं उत्तर आलं : करार आपल्या संमतीने झालेला आहे, पुढील हप्ता पाच तारखेस. आज दोन तारीख आहे.