धने : पुण्याच्या मसाल्याच्या इतिहासाचें एक दुर्लक्षित साधन

मसाल्याच्या जिनसांचा इतिहास म्हटला म्हणजे मिरें, लवंग, दालचिनी व जायफळ हींच नांवें डोळ्यांपुढें येतात. या जिनसांसाठीं गलबतें समुद्र ओलांडून आलीं, वखारी व किल्ले उभे राहिले, आणि त्यांचे जमाखर्च लिस्बन, ॲम्स्टरडॅम व लंडन येथील दप्तरांत राहिले. ज्याचें दप्तर राहिलें त्याचाच इतिहास लिहिला गेला, हें ओघानेंच आलें. परंतु पुण्यांतील एखाद्या जुन्या घरीं वर्षाच्या मसाल्याची तयारी पाहिली तर लवंगा व वेलदोडे मोजके, दालचिनीच्या चार काड्या, आणि धने मात्र पूर्वीं शेराच्या व आतां किलोच्या मापानें घेतलेले आढळतात. जो जिन्नस सर्वांत अधिक खपतो त्याविषयींच सर्वांत कमी लिहिलें गेलें. ही उणीव अंशतः तरी भरून निघावी म्हणून हें टिपण आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

आरंभ शब्दांपासून करूं. शब्द हेंहि इतिहासाचें साधन होय, ही दृष्टि इतिहासाचार्य राजवाडे यांनीं आम्हांस दिली. त्या दृष्टीनें पाहतां या एकाच झाडास मराठींत दोन नांवें आहेत, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. पाल्यास आपण कोथिंबीर म्हणतों व वाळलेल्या फळांस धने. पहिला शब्द संस्कृत 'कुस्तुंबुरु' अथवा 'कुस्तुंबरी' यापासून व दुसरा 'धान्यक' यापासून आला. हिंदींत धनिया हा शब्द पाला व फळ या दोहोंस चालतो. कानडींत कोत्तंबरी हा शब्द तसाच दोहोंस चालतो. मराठी व गुजराथी या भाषांनीं मात्र दोन्ही शब्द ठेवून घेतले व त्यांस कामें वांटून दिलीं. आमच्या मतें हा भेद केवळ शब्दांचा नव्हे, उपयोगाचा आहे. पाला पदार्थावर शेवटीं पेरावयाचा; धने पदार्थाच्या पायांतच घालावयाचे. सुश्रुतसंहितेंतहि ओल्या व वाळलेल्या कुस्तुंबरीचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत.

ही वनस्पति मूळची पश्चिमेकडील असावी. मिसर देशांत तुतनखामेन राजाचें थडगें १९२२ साली सांपडलें, त्यांत इतर वस्तूंबरोबर धनेहि मिळाले. म्हणजे इसवी सनापूर्वीं चौदाव्या शतकांत ते तेथें मोलाचे मानले जात. अक्कडी भाषेंतील 'किसिबिर्रु', अरबी 'कुझ्बरा' व आपला 'कुस्तुंबुरु' यांचें साम्य उघड आहे. पाणिनीनें अष्टाध्यायींत (६.१.१४३) हा शब्द वनस्पतीच्या जातीचें नांव म्हणून साधून दाखविला आहे. पाणिनि वायव्येकडील शालातुरचा. तेव्हां पश्चिमेहून येणाऱ्या वनस्पतीचें नांव त्याच्या प्रांतांत रुळलेलें असावें, हें सुसंगतच आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें उजेडांत आली व श्यामशास्त्री यांनीं ती १९०९ साली छापली. तींत कोठारावरील अधिकाऱ्यानें कोणते जिन्नस सांठवावे हें सांगतांना तिखट वर्गांत पिंपळी, मिरें, आलें, जिरें, मोहरी यांच्या पंक्तीस कुस्तुंबुरु बसविला आहे. या यादींत मिरची नाहीं, व असणें शक्यहि नव्हतें. ती अमेरिकेंतील वनस्पति; पोर्तुगीजांच्या द्वारें सोळाव्या शतकांत ती या देशीं आली. तिच्या मराठी नांवावरूनच तिनें मिऱ्याची जागा घेतली हें कळतें. मिरीं मागें सरलीं, पिंपळी औषधाच्या बटव्यांत गेली. धन्यांस मात्र मिरचीनें हलविलें नाहीं. उलट मिरचीचा तिखटपणा सौम्य करावयास व रश्शास अंग आणावयास धने अधिकच लागूं लागले. सध्यांचा मसाला हा या जुन्या व नव्या रहिवाश्यांचा समेट आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या समेटाचें पुण्याकडील रूप म्हणजे गोडा मसाला. 'गोडा' म्हणजे साखरेसारखा नव्हे, तर तिखटजाळ नव्हे तो. धने, जिरें, सुकें खोबरें, तीळ, दगडफूल, तमालपत्र, दालचिनी, लवंग, वेलदोडे, नागकेशर, हिंग हे त्यांतील नेहमींचे जिन्नस. घरपरत्वे त्यांत खसखस, मिरें, बादियान यांची भर पडते. प्रत्येक जिन्नस निराळा भाजतात, कारण प्रत्येकाचा करपण्याचा क्षण निराळा. पण कोणत्याहि घरची यादी घ्या, वजनांत धने पहिले. आमटी, भरलीं वांगीं, मसालेभात, उसळी हे पदार्थ या पुडीवर उभे आहेत. दोन भाग धने व एक भाग जिरें अशी साधी पूडहि पुष्कळ घरीं निराळी ठेवितात.

धन्यांचें हें थोरपण केवळ स्वस्ताईमुळें नाहीं. धना हें बीं नसून फळ आहे; त्याचे दोन अर्धगोल एकमेकांस चिकटलेले असतात, म्हणूनच शेतकरी पेरण्यापूर्वीं धने रगडून फोडतो. त्याच्या सालपटांत तंतु पुष्कळ असल्यामुळें पूड पाणी शोषून रस्सा दाट करिते. सुगंधी तेल फळाच्या बारीक नळ्यांत कोंडलेलें असतें. फळ अखंड आहे तोंवर तें टिकतें, कुटतांच उडूं लागतें. यास्तव अखंड धने डब्यांत भरून ठेवावयाचे व पूड लागेल तशी करावयाची, ही गृहिणींची रीत शास्त्रशुद्धच होय. हें पीक रब्बीचें. माघ-फाल्गुनांत नवें निघतें. वर्षाचा मसाला चैत्र-वैशाखाच्या उन्हांत कुटण्याचा प्रघात येथूनच पडला असावा : नवा माल, कडक ऊन, व पावसाळा अद्याप दूर.

पुणें शहरानेंहि कोथिंबीर व धने यांचा भेद आपल्या बाजारांत पाळला. पाला भाजीबाजाराचा. तो बाजार पूर्वीं शनिवारवाड्यापुढील मैदानांत भरे. १८८६ साली शुक्रवार पेठेंत रे मार्केट उभें राहिलें, तीच आजची महात्मा फुले मंडई. धने मात्र किराण्याचे. त्यांची घाऊक पेठ म्हणजे थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत १७६७ साली वसलेली भवानी पेठ. पुढें हा घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत गेला. आज देशांतील धन्यांच्या मोठ्या बाजारपेठा राजस्थानांत रामगंज मंडी, मध्यप्रदेशांत गुना व गुजराथेंत गोंडल येथें आहेत.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. मसाल्याचें प्रमाण ही विद्या पिढ्यानुपिढ्या स्त्रियांच्या हातांत राहिली. सासूनें सुनेस मूठ दाखवावी व सुनेनें ती लक्षांत ठेवावी, हीच तिची परंपरा. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ साली निघालें, तेव्हां पाककृति मराठींत छापून येऊं लागल्या. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरे'नें १९७० साली वाटी व चमचा हीं मापें घरोघर नेलीं. तरीहि छापील पुस्तकांत आलें तें अनेक घरांपैकीं थोड्या घरांचें. बाकीचें उखळ व पाट्याबरोबर जात आहे. तयार मसाल्याच्या पुड्यांनीं श्रम वांचले, याचा आम्हांस विषाद नाहीं. कुटून कुटून ज्यांचे खांदे भरून आले त्या बायांचे कष्ट कोणीहि पुन्हां मागूं नयेत. पण श्रम टळले म्हणून त्यांतील ज्ञानहि टाकून द्यावें, असें होत नाहीं.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील रघुनाथ गणेश नवहस्त याच्या 'भोजनकुतूहला'सारख्या ग्रंथांतून जिलबीसारख्या पदार्थाचा कालनिर्णय करून दाखविला. तोच कस घरांतील टिपणवह्यांसहि लावतां येईल. या वह्यांतील शेर, पावशेर व तोळे १९५८ पासून दशमान वजनें सुरू झाल्यानें नव्या वाचकास दुर्बोध झाले आहेत. ऐंशीं तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅम, व तोळा म्हणजे सुमारें ११.६६ ग्रॅम, एवढें ध्यानांत ठेविलें तर ते वाचतां येतात. मात्र जुना शेर स्थळपरत्वे भिन्न असे, म्हणून गांवाचें नांव टिपून ठेवणें अवश्य आहे.

संशोधक जुन्या वाड्यांत रुमाल शोधावयास जातात; त्यांनीं माजघराकडेहि वळावें, अशी आमची विनंति आहे. मसाल्याची वही कोणाची, कोणत्या सालची, माहेरची कीं सासरची, धने किती व जिरें किती, हें उतरून घ्यावें. जेथें वही नाहीं तेथें वृद्ध स्त्रीची मूठ तराजूवर धरून आंकडा मांडावा. सनदा पुढेंहि सांपडतील. ही मूठ मात्र पुन्हां मिळणार नाहीं.